जुन्या मोझॅक लाद्यांना पॉलिश: आठ महिन्यांनंतर

डोंबिवलीतलं आमचं घर 1981 चं. हॉल आणि स्वयंपाकघरात दहा बाय दहा इंची मोझॅक लाद्या, काळ्या-पिवळ्या खड्याच्या. जो येई तो नव्या व्हिट्रिफाइड टाइल्स घालायला सांगे. आई म्हणाली, "फुटल्यात कुठं? मळल्यात नुसत्या." फेब्रुवारीत पॉलिश करून घेतलं. नव्या फरशीच्या कोटेशनच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झालं.

पॉलिशवाल्याला दोन दिवसांत उरकायचं होतं. मी अडून बसलो ते भोकं बुजवण्यावर. चाळीस वर्षांत सिमेंट झिजून खड्यांभोवती बारीक छिद्रं पडतात, मळ तिथंच बसतो. साठ नंबरची बट्टी, म्हणजे मशीनला लावायचा घासायचा दगड, फिरल्यावर रंग मिळवलेलं सिमेंट सगळीकडे चोळलं आणि चार दिवस फरशी ओली ठेवली. मग 120, 220, 400 अशा बारीक होत जाणाऱ्या बट्ट्या आणि शेवटी चमक आणायला ऑक्झॅलिकची पूड. घरभर राखाडी चिखल, भिंतींवर हातभर उंच शिंतोडे. रंगकाम आधी करू नका. तो चिखल मोरीत जाऊ देऊ नका, पाइपात सिमेंट धरतं. आम्ही बादल्या भरून खाली नेला.

माळ्यावर बाबांनी जपलेल्या सहा जादा लाद्या निघाल्या. तडकलेल्या दोन बदलल्या. घासून पातळी एक झाली, पण रंग नाही. त्या दोन अजूनही नवऱ्या मुलासारख्या उठून दिसतात.

हॉलची चमक आजही टिकून आहे. रोज साधं पाणी, आठवड्यातून एकदा पाण्यात थोडा सौम्य साबण, बस. स्वयंपाकघरात मात्र चूक माझीच. खडा संगमरवराचा, म्हणजे चुन्याचाच भाऊ. सोलकढीसाठी भिजवलेलं कोकम सांडलं, पुसेपर्यंत ओट्याखाली तळहाताएवढा निस्तेज डाग. पुसून जात नाही, तेवढा भाग पुन्हा घासावा लागेल. बाथरूमचं अॅसिड या फरशीजवळही आणू नका.

तक्रार एकाच गोष्टीची. शेवटच्या दिवशी पॉलिशवाल्याने न विचारता स्वयंपाकघरात चकचकीत कोटिंग मारलं. दोन महिने सगळे वाहवा करत होते. मेमध्ये टेबलाच्या पायांपाशी सोलायला लागलं, पापडासारखं. खरं पॉलिश दगडाचंच असतं, वर थापलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं.

जुलैत बाथरूमच्या उंबऱ्याशी पांढरी पूड वर आली. दोष पॉलिशचा नव्हता. आतून ओल झिरपत होती, पाण्याबरोबर क्षार वर येत होते. गळती बंद केल्यावर पूड थांबली.

कडा आणि स्कर्टिंग जरा ओबडधोबडच राहिलं, मोठं मशीन तिथं पोचत नाही. हँड मशीनचे पैसे वेगळे लागतात, ते आधीच ठरवून घ्या. बेडरूम अजून राहिली आहे. दिवाळीनंतर तीही करायची, याच माणसाकडून, फक्त कोटिंगचा डबा दाराबाहेर ठेवायला लावून.