आरओ की यूव्ही? आधी नळाला कुठलं पाणी येतं ते बघा

मामेबहीण सांगलीत विश्रामबागेत राहायला आली आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्राबद्दल पहिला प्रश्न, "दादा, आरओ घेऊ का यूव्ही?" दुकानदार आरओच गळ्यात मारतो. सात टप्पे, तांबं, अल्कलाइन ही जाहिरातीतली वैशिष्ट्यं सगळी बाजूला ठेवा.

खरा फरक कामात आहे. यूव्ही अतिनील किरणांनी जंतू मारतो, क्षार जसेच्या तसे ठेवतो. आरओ क्षारही काढतो. म्हणून आधी दोन-तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) पाण्यात बुडवा. भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतचं पाणी चांगलं धरतात. कृष्णेचं नळाचं पाणी सहसा त्याच्या आत बसतं. जत-आटपाडीकडच्या बोअरचं कितीदा बसत नाही. कुकरच्या तळाला पांढरा थर धरतो ना, तेच क्षार.

खर्चात यूव्ही स्वस्त: वर्षाकाठी दिवा आणि फिल्टर बदलला की झालं. आरओला वर मेम्ब्रेनचा, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्याचा खर्च, आणि प्यायच्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाया. ते भांडी-फरशीला वापरता येतं, पण रोज बादली उचलणार कोण? वीज दोघांनाही लागते.

यूव्हीची एक अडचण मात्र खरी. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की किरण आत पोचत नाहीत, त्यामुळे यूव्हीच्या आधी गाळाचा फिल्टर हवाच.

नगरपालिकेचं पाणी असेल तर यूव्ही घ्या. बोअर किंवा टँकरवर असाल आणि मीटर ५०० च्या बरंच वर जात असेल, तर आरओ. बहिणीला मी यूव्हीच सांगितलं.