‘मुळासकट काढून देतो’ म्हणाले आणि कुंपणाचे अँगल कापून नेले

राहुरी तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित दोन एकरांना वडिलांनी 2004 साली काटेरी तारेचे कुंपण घातले होते. ओढ्याची बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंची लांबी सुमारे 1,050 फूट भरते. दर 8 फुटांवर एक, असे 132 लोखंडी अँगल त्यांनी स्वतः उन्हात उभे राहून रोवून घेतले होते. अँगल 40 बाय 40 मिलिमीटरचे, 5 मिलिमीटर जाडीचे आणि 7 फूट लांबीचे. त्यांपैकी 2 फूट जमिनीत आणि त्याभोवती खडी-सिमेंटचा गोळा. वीस वर्षांत तार जागोजागी तुटली, रानडुकरे आत शिरू लागली, म्हणून जुने कुंपण काढून जाळीचे कुंपण घालायचे आम्ही गेल्या वर्षी ठरवले. मी नोकरीमुळे शहरात राहतो आणि शेत वाट्याने दिलेले आहे, ही गोष्ट पुढच्या प्रकाराला बरीच सोयीची ठरली.

एप्रिलमध्ये भंगार घेणारा एक जण ‘छोटा हत्ती’ म्हणतात तो लहान टेम्पो घेऊन गावात फिरत होता. त्याने शेत पाहिले आणि बोली केली: प्रत्येक अँगल मुळासकट काढण्याची मजुरी 70 रुपये, निघालेले लोखंड 27 रुपये किलोने तो घेणार, दोन्हींची वजावट करून ज्याचे निघतील त्याला द्यायचे. काटेरी तार ‘गंजून तिची माती झाली आहे’ म्हणून त्याने फुकटात मागितली आणि मी दिली. सौदा तोंडी झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी 8 वाजता तो दोन मजुरांसह आला आणि फाटकाजवळच्या अँगलपासून सुरुवात केली. ते काम मी शेजारी उभा राहून पाहिले आणि ते खरोखरच उत्तम होते, हे सांगितले पाहिजे. आदल्या रात्री त्याने बुडख्यांना पाणी सोडायला लावले होते. पहारीने गोळ्याच्या दोन बाजूंची माती मोकळी केली, अँगल मागेपुढे हलवून सैल केला, जमिनीलगत साखळीचे दोन वेढे दिले, शेजारी फळीवर जॅक ठेवला आणि साखळी जॅकच्या माथ्यात अडकवून दांडा मारायला सुरुवात केली. काळी माती चिकट असते; ती आधी गोळ्याला धरून राहते आणि मग एकदम सोडते. अँगल गोळ्यासकट सरळ वर आला. 9 इंच लांब-रुंद आणि दीड फूट खोल असा तो गोळा 50 ते 55 किलोंचा असावा. दोघांनी लोटत तो ओढ्याच्या कडेला नेला. साडेदहापर्यंत असे पाच अँगल निघाले. मग तो म्हणाला, “काका, उन्हात कशाला तिष्ठता? घरी जाऊन बसा, उद्या संध्याकाळी मोजून घ्या.” वाटेकरी लग्नाला गेलेला होता. मी घरी गेलो.

इथे एक साधा हिशेब मला तेव्हाच करता आला असता. पाच अँगलना अडीच तास लागले, म्हणजे एकाला अर्धा तास. उरलेल्या 127 ना त्याच तिघांच्या हातून 63 तास लागायला हवे होते. दुसऱ्या दिवशी सायंकाळी 5 वाजता त्याचा फोन आला की काम संपले. मी कौतुकच केले.

शेतावर गेलो तर कुठे अँगल नाही आणि कुठे खड्डाही नाही. खड्डे बुजवून, वर फावड्याने माती ओढून, पायाने चेपून दिली होती आणि हे त्याने सौद्यात नसलेली सेवा म्हणून दाखवले. अँगल टेम्पोशेजारी रचलेले होते. काल निघालेले पाच लांब अँगल वर, बाकीचे खाली. खालचे आखूड का, असे मी विचारले. त्यावर त्याने दिलेले उत्तर अर्धे खरे होते, म्हणूनच ते पटले. जमिनीच्या पातळीवर हवा आणि ओल एकत्र मिळते, त्यामुळे लोखंड तिथेच सर्वांत जास्त गंजते आणि ओढताना तिथेच तुटते, हे खरे आहे. ‘तुटलेली मुळे गोळ्यासकट खणून ओढ्यात टाकली, गोळे फोडायची मजुरी निघत नाही’ हे त्यापुढचे वाक्य खोटे होते. ओढा पन्नास पावलांवर होता. मी तिथे जाऊन पाहिले असते, तर काल सकाळचे पाच गोळे सोडून काहीही दिसले नसते.

वजन स्प्रिंगच्या काट्यावर झाले. टेम्पोच्या आडव्या पाइपला काटा टांगून दहा-दहा अँगलची मोळी मध्यावर दोरीने बांधून तो अडकवत होता. माझे सगळे लक्ष काट्याच्या सुईवर होते. मोळीचे एक टोक टेम्पोच्या फळीवर टेकलेले आहे की नाही, हे मी पाहिले नाही. शेवटी 131 अँगल भरले, एक कमी. तो म्हणाला, “गवतात पडला असेल काका, सापडला तर तुमचाच.” एकूण वजन 412 किलो, त्याचे 11,124 रुपये, 132 अँगलची मजुरी 9,240 रुपये. उरलेले 1,884 रुपये त्याने रोख माझ्या हातावर ठेवले. कुंपण निघाले आणि वर पैसेही मिळाले, या समाधानात मी टेम्पोचा क्रमांकसुद्धा टिपून ठेवला नाही.

मे महिन्यात जाळीसाठी बांधालगतची पट्टी साफ करायला ट्रॅक्टरवाल्याने रोटाव्हेटर लावला. पहिल्याच फेऱ्यात खण्णकन आवाज झाला आणि दोन पाती तुटली. माती सारून पाहिले तर दोन इंचांखाली अँगलचे तोंड होते: गोळा जागेवर आणि अँगल सपाट कापलेला. मग सुतळी ताणून, टेपने दर 8 फुटांवर खूण करून पहारीने टोचत गेलो. 127 पैकी 127 मुळे जमिनीतच होती. त्याच शोधात बाभळीखालच्या गवतात हरवलेला अँगल सापडला. त्याच्या कापलेल्या टोकावर वाळलेल्या चिखलाचा थर होता. नखाने खरवडला तर खाली सरळ रेषेत चाललेल्या ग्राइंडरच्या बारीक रेघा होत्या. गंजून तुटलेले लोखंड असे दिसत नाही. त्याची कड पातळ, वेडीवाकडी आणि तपकिरी असते, बोटाने दाबली तर तिचे पापुद्रे सुटतात.

तो अँगल गावातल्या किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. 4 किलो 350 ग्रॅम. म्हणजे 126 कापलेल्या अँगलचे 548 किलो आणि पूर्ण निघालेल्या पाचांचे प्रत्येकी सहा किलो धरले तरी 578 किलो व्हायला हवे होते. वजनात 166 किलो, म्हणजे 4,482 रुपये गेले. न केलेल्या कामाची मजुरी 8,890 रुपये, ती वेगळी. नवा 40 बाय 40 बाय 5 चा अँगल मीटरला साधारण 3 किलो भरतो, हे लोखंडाच्या दुकानात कुणीही सांगते. ते मला आधी माहीत असते तर 412 हा आकडा ऐकताच थांबवता आले असते.

फोन तोपर्यंत बंद झाला होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणुकीला शिक्षा आहे, पैसे घेऊन काम न करणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते आणि 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. परंतु माझ्याजवळ नाव अर्धे, पत्ता नाही, वाहन क्रमांक नाही, कागद तर नाहीच. तक्रारीत समोरचा पक्ष म्हणून कुणाला लिहायचे, इथेच गाडी अडली.

ज्यांचे असे काम निघणार आहे त्यांनी सौद्याच्या कागदावर ‘गोळ्यासकट’ हा शब्द लिहून घ्यावा आणि सगळे खड्डे उघडे पाहिल्याशिवाय व गोळे मोजल्याशिवाय एकही खड्डा बुजवू देऊ नये. बुजवण्याची घाई करणाऱ्याला तिथेच अडवावे. वजन गावाजवळच्या वजनकाट्यावर रिकामा टेम्पो आणि भरलेला टेम्पो असे दोनदा करून पावती घ्यावी. त्याच्याच काट्यावर करायचे असेल, तर वैध मापन विभागाच्या पडताळणीचा चालू वर्षाचा शिक्का पाहावा आणि मोळी अधांतरी आहे ना, हे खाली वाकून पाहावे. पहिले पाच खांब कसे निघाले त्यावरून कामाची पारख करू नये. शेवटचे पाच निघताना तिथे हजर असावे. सरळ, न कापलेला जुना अँगल शेतकरी भंगारापेक्षा चढ्या दराने विकत घेतात, हेही मला नंतर कळले.

कापल्यामुळे झालेले सर्वांत मोठे नुकसान मात्र वजनातले नव्हते. उभ्या अँगलला साखळी बांधता येते. जमिनीखाली कापलेल्या मुळाला धरायला काहीच उरत नाही. जॅकचे काम संपले आणि जेसीबीचे सुरू झाले. तासाला 1,300 रुपयांप्रमाणे 9 तास, म्हणजे 11,700 रुपये गेले. जेसीबीच्या बादलीने दोन ठिकाणी सामाईक बांध उसकटला, त्यावरून शेजाऱ्यांशी झालेली बोलाचाली मी इथे सांगत नाही. तुटलेल्या पात्यांची भरपाई ट्रॅक्टरवाल्याला दिली, ती रास्तच होती.

निघालेले 127 गोळे फोडायला दोन मजूर घण घेऊन चार दिवस राबले; 600 रुपये रोजाने 4,800 रुपये झाले. आतले लोखंड या वेळी वजनकाट्यावर नेले. ते 193 किलो भरले आणि 26 रुपये दराने 5,018 रुपये आले. मजुरी वजा जाता 218 रुपये उरले. गोळे फोडायची मजुरी निघत नाही, हे त्या माणसाचे म्हणणे जवळजवळ खरे होते.