रोजच्या व्यवहारातली सुवार्ता शिकवणारा बेळगावचा एक वर्ग

बेळगावच्या कॅम्प भागातील एका मंडळीने, म्हणजे चर्चने, भरवलेला सुवार्ता-प्रशिक्षणाचा, म्हणजे येशूविषयीचा शुभसंदेश इतरांना कसा सांगावा हे शिकवणारा, वर्ग मी या पावसाळ्यात पूर्ण केला. सहा रविवारी, संध्याकाळी साडेचार ते साडेसहा या वेळेत तो चालतो. शुल्क ३०० रुपये असून त्यात एक पुस्तिका आणि दर वेळचा चहा येतो. हा वर्ग पाळकांसाठी (चर्चच्या धर्मगुरूंसाठी) किंवा पूर्णवेळ सुवार्तिकांसाठी नसून, नोकरीधंदा करून रविवारी उपासनेला येणाऱ्या आणि उरलेले सहा दिवस ख्रिस्तीतर सहकाऱ्यांत व शेजाऱ्यांत घालवणाऱ्या माणसांसाठी आहे. मंडळीचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही दोषही सांगायचे आहेत आणि आपल्या सीमाभागातील ख्रिस्ती समाज इतका लहान आहे की लिहिलेले वाक्य पुढच्या रविवारच्या आत संबंधितांच्या कानावर पडते.

शिकवणारे दोघे होते. एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळेच ‘बाई’ म्हणत, आणि दुसरे एक तरुण पाळक. शिकणाऱ्यांत उद्यमबागेतील फाउंड्रीतला एक कामगार, वडगावात यंत्रमाग चालवणारे एक दांपत्य, दोन परिचारिका, खानापूरहून येणारे शिक्षक, निपाणीचा एक वाहनचालक अशी मंडळी होती. बोलणे बहुतांशी मराठीत होई आणि कन्नडभाषक सहभागींसाठी पाळकसाहेब अधूनमधून तेच कन्नडमध्ये सांगत. या दुभाषी पद्धतीने वेळ जास्त जातो हे खरे, पण बेळगावात याहून वेगळा मार्ग मला तरी दिसत नाही.

वर्गाचा पहिला आणि सर्वांत मोठा गुण असा की तो बोलण्यापासून नव्हे, ऐकण्यापासून सुरू होतो. पहिल्या रविवारी सुवार्ता कशी सांगावी याविषयी एक शब्दही निघाला नाही. जोड्या पाडून प्रत्येकाला दुसऱ्याचे ऐकायला लावले, आणि ऐकणाऱ्याने मध्ये उपदेश केला की बाई टेबलावर खडू आपटत. आपल्यातले जुने विश्वासणारे या परीक्षेत सपशेल नापास होतात, हे मी तिथे पाहिले. समोरच्याने सुनेच्या आजारपणाचा विषय काढला की दुसऱ्या वाक्याला आपले शास्त्रवचन तयारच असते. दुसऱ्या रविवारी प्रत्येकाने स्वतःची साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, तीन मिनिटांत सांगायची होती. त्यासाठी बाईंनी योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायातल्या जन्मांध माणसाचा दाखला दिला. परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ यहूदी धर्मपुढारी, त्याला येशूविषयी खोचक प्रश्न विचारतात, तेव्हा ज्याची त्याला माहिती नाही त्याविषयी तो सरळ ‘मला माहीत नाही’ म्हणतो. आपण आंधळे होतो आणि आता पाहतो, ही एक गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, असे तो सांगतो. आपल्याकडच्या साक्षी मात्र आजोबांच्या बाप्तिस्म्यापासून सुरू होऊन स्वतःच्या ऑपरेशनपर्यंत येईतो ऐकणाऱ्याची बस निघून गेलेली असते.

तिसरा रविवार मला या संपूर्ण वर्गाचा गाभा वाटला. त्या दिवशी पुस्तिका बाजूला ठेवून प्रत्येकाने आपल्या कामाच्या ठिकाणचा खरा प्रसंग मांडायचा होता. फाउंड्रीतल्या भावाने खंडेनवमीचा प्रसंग सांगितला. आदल्या दिवशी सगळे मिळून लेथ, भट्टीचा पंखा, साचे भरण्याची जागा धुऊनपुसून काढतात, झेंडूच्या माळा बांधतात, यंत्रांना हळदकुंकू लावतात, दाराशी कोहळा फुटतो आणि मग मालक स्वतःच्या हाताने प्रत्येकाला प्रसादाचा पुडा आणि बोनसचे पाकीट देतो. हा भाऊ दरवर्षी त्या दिवशी रजा टाकत असे आणि त्यामुळे सहकाऱ्यांत त्याच्याविषयी अढी बसली होती. ‘‘बाई, प्रसाद घ्यायचा की नाही, तेवढंच सांगा की,’’ तो म्हणाला. त्यावर वर्गात जे वादंग माजले ते ऐकण्यासारखे होते. वडगावच्या ताई म्हणाल्या की आपण हातात घेतो आणि शेजारच्या मुलाला देतो. खानापूरच्या गुरुजींना ती लबाडी वाटली. निपाणीचा वाहनचालक म्हणाला की तो सरळ खातो आणि कशाचाही विचार करत नाही.

बाईंनी निकाल दिला नाही. त्यांनी बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय काढायला लावला. तिथे प्रेषित पौल सांगतो की कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. बाईंचे बोट ‘सांगणाऱ्यासाठी’ या शब्दावर होते. मालक तुमच्याकडून काय समजून घेतो, हा प्रश्न आधी सोडवा, असे त्या म्हणाल्या. तुम्ही रजा टाकता तेव्हा त्याला एवढेच समजते की हा आपल्याला तुच्छ लेखतो. आदल्या दिवशी यंत्रे धुवायला सर्वांत आधी या, तेलपाणी करा, आरतीच्या वेळी मागे शांत उभे राहा, आणि पुडा नाकारायचा असेल तर मालकाला चार दिवस आधी, एकांतात, मान देऊन कारण सांगा. ते कारण ऐकताना तो जे विचारील, तिथे तुमची सुवार्ता सुरू होते. पेत्राच्या पहिल्या पत्रात विचारणाऱ्याला आपल्या आशेविषयी उत्तर द्यायला सांगितले आहे, आणि तेही सौम्यतेने. पण कोणी विचारावे असे आपले वागणे असले पाहिजे, ही त्यातली अट आपण नेहमी गाळतो. सीमाभागातल्या ख्रिस्ती कामगाराच्या प्रश्नाला इतके नेमके उत्तर मी कोणत्याही उपदेशपीठावरून ऐकलेले नाही.

परिचारिकांच्या प्रश्नावर मात्र बाईंनी स्पष्ट निकाल दिला, आणि तो मला पूर्ण पटला. खाटेवर पडलेला रुग्ण उठून जाऊ शकत नाही, म्हणून ड्युटीवर असताना त्याला सुवार्ता सांगायची नाही; त्याने स्वतः प्रार्थना मागितली तर नातेवाइकांसमोर, थोडक्यात करायची आणि इंजेक्शनची वेळ चुकवायची नाही. याच ओघात पाळकसाहेबांनी कायद्याची बाजू मांडली. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात भरलेल्या अधिवेशनात कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक संमत केले, त्याचा कायदा २०२२ मध्ये झाला आणि जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो मागे घेण्याचा निर्णय केला, हा क्रम त्यांनी सांगितला. त्या कायद्यातील आमिषाच्या व्याख्येत भेटवस्तू, फुकट शिक्षण, चांगल्या राहणीमानाचे आश्वासन यांचाही समावेश होता. घटनेचे पंचविसावे कलम धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देते. पण आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे एवढाच त्याचा अर्थ असून दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले आहे. ही माहिती भीती घालण्यासाठी न सांगता, मदत आणि सुवार्ता यांची गाठ कधीही अटीने बांधू नये या शिकवणीला जोडून सांगितली, हे विशेष. ज्याला तुम्ही फीसाठी पैसे दिले त्याला त्या महिन्यात उपासनेचे आमंत्रण देऊ नका, असा साधा नियम त्यांनी घालून दिला. वर्गात काहींना तो फार कडक वाटला. मला तो योग्य वाटतो.

भाषेचा मुद्दाही नीट हाताळला होता. इथे कोणाच्या हातात मराठी पत्रक द्यावे आणि कोणाच्या हातात कन्नड, यावरून देणाऱ्याची बाजू ठरवली जाते, आणि मग आतला मजकूर कोणी वाचत नाही. शिवाय एकाच घरात आजी मराठी वाचते, तर कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेला नातू मराठी बोलतो पण वाचताना अडखळतो. म्हणून आधी विचारा आणि मगच द्या, किंवा मुळात पत्रक न देता बोला, अशी सूचना होती. नाताळात करंज्या-चकल्यांची ताटे शेजारी पाठवण्याची आपली जुनी पद्धत दिवाळीच्या फराळाइतकीच लोकांच्या परिचयाची आहे, आणि त्या ताटाच्या निमित्ताने दारात होणाऱ्या बोलण्याला पत्रकाची गरज पडत नाही, हेही बाईंनी आवर्जून सांगितले.

आता दोष. छापील पुस्तिका हा या वर्गाचा सर्वांत दुबळा भाग आहे. ती परदेशी साहित्यावरून बेतलेली असल्याचे पानोपानी जाणवते. कुत्र्याला फिरवताना शेजाऱ्याशी ओळख कशी वाढवावी, कॉफीच्या दुकानात अनोळखी माणसाशी संवाद कसा सुरू करावा, अशी तिची उदाहरणे आहेत. शहापुरात किंवा खडेबाजारात अनोळखी माणूस मिळणेच अवघड. ज्याला सुवार्ता सांगायची तो तुमच्या वडिलांना ओळखत असतो आणि तुम्ही कोणाचे किती देणे लागता हेही त्याला माहीत असते. अशा ठिकाणी ओळख वाढवण्याचे तंत्र कामाचे नाही, असलेल्या ओळखीत खरे उतरण्याचा प्रश्न आहे. बाई तोंडी जे शिकवत होत्या ते या पुस्तिकेत कुठेच नाही, आणि पुढच्या तुकडीला बाई नसतील तर केवळ पुस्तिकेवर हा वर्ग उभा राहणार नाही.

याहून खटकले ते असे की आपल्याच भाषेतले, आपल्याच मातीतले दाखले पुस्तिकेने घेतलेले नाहीत. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० साली सुरू झाले. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली याच गावात जन्मले, इथल्या मिशनशाळेत शिकले आणि १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्माही बेळगावातच झाला. वर्गातल्या अर्ध्याअधिक लोकांनी त्यांचे नाव ऐकलेले नव्हते. चोर्ला घाट उतरून गेले की ज्या गोव्यात आपण पोहोचतो, तिथे फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइट धर्मगुरूंनी १६१६ साली मराठी ओवीत ख्रिस्तपुराण छापले, तेही पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या लोकांसाठी. आणि रोजच्या व्यवहारातील सुवार्तेचे उदाहरणच हवे असेल तर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे का घेऊ नये? राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्याशी सौजन्याने गप्पा मारल्या आणि नव्या कराराची प्रत दिली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्या प्रवाशाचे नाव त्यांना कधी कळले नाही. पुढे टिळकांनी अभंग आणि कीर्तन या रूपांतून जे केले, त्यावर एक संपूर्ण रविवार देता आला असता, विशेषतः जिथे पंढरीची वारी करणारी माळकरी घरे गल्लोगल्ली आहेत अशा आपल्या भागात.

शेवटच्या रविवारी वर्ग थोडा घसरला. प्रत्येकाला एक कार्ड दिले गेले; त्यावर पाच ओळखीच्या माणसांची नावे लिहायची आणि प्रार्थना केली, भेट दिली, साक्ष सांगितली, उपासनेला आणले, अशा चौकटींत दर आठवड्याला खुणा करायच्या. आधीचे पाच रविवार ज्यांना शेजारी म्हणायला शिकवले, त्यांचीच आता यादी झाली. फाउंड्रीतल्या भावाने कार्ड हातात फिरवून विचारले की यात मालकाचे नाव लिहिले आणि ते त्याच्या नजरेस पडले तर? पाळकसाहेबांनी कार्ड घरी ठेवायला सांगितले. हे उत्तर मला पुरेसे वाटले नाही. प्रार्थनेसाठी नावे आठवावीत, पण ज्या कागदावरचे आपले नाव पाहून त्या माणसाला वाईट वाटेल असा कागद मुळात असूच नये. बाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. आयोजकांपैकी कोणाचा तरी हा आग्रह असावा असा माझा कयास आहे.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. सभागृह हवेशीर आहे, ध्वनिवर्धक बरा आहे, चहा उत्तम. साडेसहाची वेळ एकदाही पाळली गेली नाही आणि त्यामुळे खानापूर-निपाणीच्या लोकांना अर्ध्यातून उठावे लागे. नेमकी प्रश्नोत्तरे त्यांच्या पाठीमागे होत. वर्ग साडेतीनला सुरू केला तर हा प्रश्न सुटेल, असे लेखी कळवले आहे.

३०० रुपयांत मिळते त्याचा विचार करता, कारखान्यात, शाळेत, दुकानात किंवा रुग्णालयात काम करणाऱ्या विश्वासणाऱ्याने हा वर्ग जरूर करावा. रस्त्यावर पत्रके वाटण्याचे किंवा वादविवादाचे प्रशिक्षण हवे असणाऱ्याची निराशा होईल. पुढची तुकडी नाताळानंतर सुरू होणार आहे. नोंदणी उपासना संपल्यावर दाराशी होते. नाव देताना बाईच शिकवणार आहेत का, हे आधी विचारून घ्यावे, आणि तिसऱ्या रविवारी कोणत्याही कारणाने गैरहजर राहू नये.