गेम बनवायला घेतलेला लॅपटॉप: दिवाळी ते पावसाळा, बेळगावातला अनुभव

मागच्या दिवाळीत घेतलेल्या लॅपटॉपने थंडी, उन्हाळा आणि आता पावसाळाही बघितला, म्हणून लिहितोय. रायझन ७ प्रोसेसर, आठ जीबीचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, साठवणीला ५१२ जीबी एसएसडी. कंपनीचं नाव मुद्दाम टाळलंय, कारण असाच माल बहुतेक सगळे विकतात. काम युनिटी आणि गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. गेम विंडोज, अँड्रॉइड आणि आयफोनवर न्यायचाय.

दुकानात सगळे ग्राफिक्स कार्डावर बोलतात. पण ४०६० हे नाव एकच असलं तरी लॅपटॉपमध्ये ती चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही बसवलेली असते, आणि ताकद त्यावरच ठरते. तो आकडा विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेत्याला बहुधा सांगता येत नाही, कंपनीच्या साइटवर मात्र सापडतो.

मला रोज नडली ती रॅम. युनिटी, थ्रीडी मॉडेल बनवायचं ब्लेंडर, कोड एडिटर आणि क्रोम एकदम उघडले की १६ जीबी पुरत नाहीत. दुसरा स्लॉट रिकामा होता, त्यात आणखी १६ घातली आणि तेव्हापासून अडकणं थांबलं. अनरियल या दुसऱ्या गेम सॉफ्टवेअरला तर ते बनवणारी एपिक कंपनी स्वतःच ३२ सुचवते. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर ते मॉडेल सोडून द्या.

एसएसडीचंही तेच. युनिटीत विंडोजवरून अँड्रॉइडवर गेलं की सगळे टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) नव्याने इम्पोर्ट होतात, आणि मोठ्या प्रोजेक्टला चहा पिऊन येईपर्यंत वेळ जातो. म्हणून मी दोन प्लॅटफॉर्मसाठी प्रोजेक्टच्या दोन प्रती ठेवतो. वेळ वाचतो, पण ५१२ जीबी बघता बघता भरतात. एक टीबीच घ्या.

स्क्रीनवर मी नाराज आहे. पॅनेल ४५ टक्के एनटीएससीचं (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं हे माप), म्हणजे रंग फिके. गेममधला उसाचा फड लॅपटॉपवर छान वाटेपर्यंत हिरवा केला आणि फोनवर बघतो तर पोपटी भडक! आता रंग फोनवर बघूनच ठरवतो. १०० टक्के एसआरजीबी (रंगांचंच दुसरं माप) लिहिलेलं असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

लाइटमॅप बेक करायला, म्हणजे गेममधल्या उजेड-सावल्यांचा हिशोब आधीच करून ठेवायला लावलं की पंखे असे सुटतात की आई विचारते, गिरण चालू केलीस काय? बेळगावच्या हवेत डिसेंबर-जानेवारीत काही जाणवलं नाही. मे महिन्यात निपाणीला मामाकडे नेला तेव्हा कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवत नव्हतं. मागची बाजू इंचभर उचलून ठेवली की फरक पडतो. वळीव आला आणि लाईट गेली तर बिल्ड (गेमची चालणारी फाइल तयार होण्याचं काम) तुटत नाही, पण बॅटरीवर कार्डाची ताकद निम्म्याहून खाली येते आणि चार्ज तासाभरात संपतो.

आता आयफोनचं. कितीही महागडा विंडोज लॅपटॉप घ्या, आयफोनचे ॲप तयार करायचं ॲपलचं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. युनिटी विंडोजवर एक्सकोडचा प्रोजेक्ट तयार करून देतं, पुढचं बिल्ड आणि ॲपची डिजिटल सही मॅकवरच. त्यामुळे दीड लाखाचा लॅपटॉप घेण्यापेक्षा लाखाच्या आतला घेऊन उरलेल्यात मॅक मिनी हा ॲपलचा छोटा डेस्कटॉप बघा. एम४ चिपचा मिनी २०२४ मध्ये ५९,९०० रुपयांपासून आला होता. शिवाय ॲपलची फी दरवर्षी ९९ डॉलर, गुगल प्लेची एकदाच २५ डॉलर, स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाची प्रत्येक गेममागे १०० डॉलर. प्लेस्टेशन, निन्टेन्डोसाठी आधी त्यांनी डेव्हलपर म्हणून मान्यता द्यावी लागते, तिथं लॅपटॉपचा प्रश्नच नंतरचा.

मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत गेम करणाऱ्यांसाठी एक: युनिटीत अक्षरं दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये ‘कित्तूर’मधली वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरंही सुटतात. गोडो ४ मध्ये दोन्ही लिप्या नीट दिसतात. माझा पुढचा गेम त्यातच आहे, आणि त्याला हा लॅपटॉप उलट जास्तच वाटतो.

घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी घेताना तुमच्या पिनकोडवर ती मिळते का ते आधी विचारा. शहरात हो म्हणतात, खानापूर तालुक्यातल्या माझ्या मित्राला मात्र मशीन घेऊन बेळगावला यावं लागलं.