दोन सिलिंडरच्या झेटरला तीन पिस्टन

97,500 रुपये. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन दुरुस्त करतो म्हणून एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून एवढे नेले. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण भावकीत मी अजून सगळ्यांना 'साठेक हजार गेले' असंच सांगत आलोय. खरा आकडा सांगायची लाज वाटायची. पण त्याच गॅरेजवाल्याने आमच्या पलीकडच्या गावातलं एक जुनं ट्रॅक्टर दुरुस्तीला नेलंय, असं परवा कानावर आलं. आता गप्प बसलो तर तेही पाप माझ्याच माथी.

ट्रॅक्टर एचएमटी झेटर 2511. वडिलांनी 1983 साली भूविकास बँकेचं कर्ज काढून घेतलेलं. दोन सिलिंडर, 25 एचपी. आमच्या परभणीकडच्या भारी काळ्या रानात खोल नांगरट त्याच्याने होत नाही, पण वखरणी, पेरणी, सोयाबीन-कापूस मोंढ्यावर नेणं, एवढं सगळं ते करायचं. कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना 2016 साली बंद झाला, तेव्हापासून एकेका स्पेअरसाठी किती हिंडावं लागतं, हे ज्यांच्या दारात झेटर उभं आहे त्यांना मी सांगायला नको. आणि ही अडचण या लोकांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

गेल्या उन्हाळ्यात ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीतून, धूर यायला लागला, ऑइल खायला लागलं, सकाळी ढकलल्याशिवाय चालू होईना. पिस्टन आणि तो ज्यात वर-खाली होतो ते लायनर गेले, हे मलाही कळत होतं. मी काही अडाणी नाही. चाळीस वर्षं हेच इंजिन ऐकतोय. आमचे जुने मेस्त्री म्हणाले, "पंधरा-वीस दिवस थांब, लायनर लुधियानाहून मागवू." मृग तोंडावर आलेला. मी थांबलो नाही. ज्यांचं पोट पेरणीवर नाही त्यांनी मला खुशाल घाईचा म्हणावं.

चुलत मेव्हण्याने जिल्ह्याच्या गावच्या एका गॅरेजचं नाव सुचवलं. तो माणूस दुसऱ्याच दिवशी घरी आला, चहा घेतला, ओट्यावर बसून वडिलांच्या फोटोला हात जोडले. म्हणाला, "मामा, नुसतं फुल काम कशाला करता? मोठ्या बोअरचे लायनर टाकतो, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, नोझल नवे, डिझेलचा पंप वाढवून 25 चं 35 एचपी करून देतो. नवं घ्यायला सहा-सात लाख कुठून आणता? मी हाय ना." कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्याने 92,500 असा आकडा लिहिला. ना सही, ना शिक्का. मी त्याच दिवशी फोनवरून 40,000 पाठवले. टेम्पोचे 3,500 वेगळे.

बिल नाही तर रुपयाही देऊ नका. कॅलेंडरचं पान ठाण्यात कुणी हातात धरत नाही.

आता ज्या दिवसासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही, त्या दिवसाचं सांगतो. आठवडाभराने त्याने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. उघडलेला ब्लॉक, त्यात चकचकीत नवे लायनर, खाली लिहिलेलं, 'मामा तुमचं काम, 35,000 टाका, सामान सोडवायचंय.' मी ओसरीवर बसून फोटो बघत होतो. मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "बाबा, ह्याला तीन पिस्टन हायेत. आपल्याला दोनच हायेत ना?"

तीनच होते. मी मोजले. लहानपणी रानात निजलेलो असायचो तेव्हा दोन सिलिंडरचा तो तुटक ठोका दीड कोसावरून ऐकू यायचा, आणि वडील बांधाला पोहोचले की नाही ते मी झोपेत ओळखायचो. त्या इंजिनाला तीन पिस्टन असूच शकत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी मी पोराला म्हणालो, "तुला काय कळतंय, गॅरेजात दुसरं कामही चालू असतं, चुकून गेला असेल फोटो." मी त्याच्यावर खेकसलो. आणि त्याच्यासमोर 35,000 पाठवले. फोन करून विचारलं, तर तो हसला: "पोरानं चुकून दुसरा फोटो टाकला मामा, तुमचं काम करायलेत की पोरं." मी म्हणालो, बरं.

का म्हणालो बरं? कारण 40,000 आधीच गेले होते आणि ते गेले असं मनाला मान्य करायचं नव्हतं. दुसरं कारण नाही. माझ्या पोराने तेव्हापासून या विषयावर एक शब्द काढलेला नाही, आणि तेच जास्त लागतं.

इंजिन उघडं असताना गॅरेजात जाऊन उभे राहा. जो मेस्त्री 'येऊ नका, मी फोटो पाठवतो' म्हणतो, त्याच्याकडून ट्रॅक्टर त्याच दिवशी उचला. जुने लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग पोत्यात भरून परत मागा. मी मागितले तेव्हा म्हणाला, भंगारात गेले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रॅक्टर आलं. नवा निळा रंग, वरून ग्रीस पुसलेली. नोझलचे म्हणून 5,000 जास्तीचे लावून त्याने शेवटचे 22,500 घेतले. परतीच्या टेम्पोचे पुन्हा 3,500. पहिल्या दिवशी ओढ खरंच जबरदस्त वाटली. धूर काळा येत होता, तर म्हणे नवं इंजिन आहे, बसेल. तिसऱ्या दिवशी वखरताना पाणी उकळलं, चेंबरमधलं ऑइल दुधाळ निघालं, आणि खालून असा ठोका यायला लागला की मी चावी बंद केली आणि बांधावर बसून राहिलो.

शेवटी जुन्या मेस्त्रींकडेच गेलो. ते एक शब्द टाकून बोलले नाहीत, नुसतं खोललं. लायनर जुनेच, आतून नुसते घासून काढलेले. लायनरचे रबर रिंग तेच जुने, कडक झालेले. म्हणून पाणी ऑइलमध्ये उतरलं. क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याला, ग्राइंडिंगची चाकं लागलेलीच नव्हती, आणि झिजलेल्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या पाठीमागे ढिलाई झाकायला सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी दुमडून घातलेली. ती पन्नी मी कागदात गुंडाळून ठेवली आहे. आणि 35 एचपी? पंपाचं सील तोडून डिझेलचा स्क्रू फिरवलेला. 1,560 सीसीच्या इंजिनात जास्त डिझेल ओतलं की दोन दिवस ओढ वाटते, मग धूर आणि उष्णता. 'एचपी वाढवून देतो' हे वाक्य जुन्या इंजिनाबाबत ऐकलं की उठून यायचं.

मेस्त्रींनी पंपाकडे बोट दाखवलं तेव्हा पोटात गोळाच आला. पंप आमचा नव्हताच. आमचा मूळचा, 1983 पासून कॅलिब्रेशनशिवाय, म्हणजे डिझेलचं माप जुळवण्याशिवाय, कधी न उघडलेला पंप काढून त्याने तिथे कुणाचा तरी झिजलेला पंप बसवला होता. खरी कमाई तीच. ट्रॅक्टर द्यायच्या आधी पंप, नोझल, डायनॅमो आणि स्टार्टरच्या पाट्यांवरचे नंबर जवळून फोटो काढून ठेवा.

हिशोब असा: त्याला 97,500, टेम्पो 7,000, पेरणी चुकू नये म्हणून भाड्याच्या ट्रॅक्टरला 15,400. एकूण 1,19,900. मेस्त्रींनी नव्याने केलेल्या कामाचे 68,400 यात धरलेले नाहीत.

आता ठाण्याचं. पहिल्यांदा गेलो तर ड्युटीवरचे साहेब म्हणाले, "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." दुसऱ्यांदा, "काम तर केलंय ना त्यानं? ट्रॅक्टर तर परत दिलाय?" तिसऱ्यांदा, "गॅरेज आमच्या हद्दीत नाही." मी जिल्ह्याच्या गावच्या ठाण्यात गेलो, दोन तास बाकावर बसवलं, आणि म्हणाले, "पैसे तुम्ही तुमच्या गावातून पाठवले, तिकडंच द्या." पन्नी दाखवली तर एकाने ती उलटसुलट करून बघितली आणि हसून परत दिली. पंपाच्या चोरीचं बोललो तर, "पंप तुमचाच होता कशावरून?" 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तिथेही, पैसे तुम्ही स्वतः ओळखीच्या माणसाला दिलेत म्हणून बोळवण. चार खेपा, प्रत्येक खेपेला एक दिवस बुडाला, एसटीचं भाडं वेगळं. गुन्हा नोंदला नाही. नुसत्या अर्जाची पोच दिली.

म्हणून सांगतो, तोंडी बोलू नका. अर्जावर भारतीय न्याय संहितेचं कलम 318 म्हणजे फसवणूक आणि 316 म्हणजे विश्वासघात, असं स्पष्ट लिहा. हद्दीचं कारण चालत नाही, तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. हे मला एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं, ठाण्यात बसलेल्या एकानेही नाही. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ट्रॅक्टर स्वतःच्या शेतीवर, पोटापाण्यासाठी चालवतो हे तिथे लिहा, नाहीतर समोरचा व्यापारी वापर म्हणून फाटा फोडतो. माझी तक्रार दाखल आहे. दोन तारखा गेल्या. नोटीस 'पत्त्यावर सापडत नाही' म्हणून परत आली, आणि हा माणूस मला बाजारात राजरोस दिसतो.

आमच्या पंपाच्या बाजूला, नोझलच्या पाइपांच्या खाली, वडिलांनी पंच मारून तीन ठिपके एका रेषेत केलेले आहेत, मधला थोडा खाली गेलेला. असा पंप तुमच्या मेस्त्रीकडे किंवा भंगाराच्या दुकानात दिसला तर विकत घेऊ नका, मला निरोप द्या. मी पैसे देऊन परत न्यायला येईन.