फोटोतले इंजिन आणि खोक्यातले बीड

वाफेच्या जुन्या इंजिनाच्या प्रतिकृतीसाठी मी 78,500 रुपये मोजून कास्टिंगचा, म्हणजे बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कच्च्या भागांचा, एक संच आणि तांब्याचा एक बॉयलर विकत घेतला. त्यांपैकी संच निरुपयोगी निघाला आणि बॉयलर धोकादायक. पैसे गेल्याचे वाईट वाटतेच, पण त्या बॉयलरमध्ये मी ठरल्याप्रमाणे वाफ धरली असती, तर त्या वेळी माझा नऊ वर्षांचा नातू टेबलाला खेटून उभा असता. या छंदात नव्याने येणाऱ्यांची संख्या आपल्याकडे हळूहळू वाढत असल्यामुळे घडलेला प्रकार तपशिलासह लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

मी 34 वर्षे पिंपरी परिसरातील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केले. निवृत्तीनंतर घराच्या मागच्या खोलीत एक छोटा लेथ (धातू कातण्याचे यंत्र) बसवला, तो गिरणीच्या इंजिनाची प्रतिकृती करण्यासाठीच. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत इंजिनघरात तेलवाले होते. 1915 मध्ये खोपोलीहून टाटांची वीज मुंबईत आली आणि पुढे एकेक करून गिरण्यांची वाफेची इंजिने थांबली. पण आजोबा शेवटपर्यंत त्या इंजिनाच्या भल्यामोठ्या चाकाबद्दल आणि त्याच्या खाचांतून वरच्या मजल्यांकडे धावणाऱ्या सुती दोरांबद्दल बोलत असत. ते चाक लहान आकारात का होईना, फिरताना पाहावे, अशी माझी फार जुनी इच्छा होती.

ज्यांना या छंदाची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. घरी काम करणाऱ्या माणसाकडे लेथ असू शकतो, पण बीड ओतण्याची भट्टी सहसा नसते. म्हणून इंग्लंडमध्ये 1898 पासून स्टुअर्ट या नावाने अशा इंजिनांची ओबडधोबड कास्टिंग नकाशांसह विकली जातात आणि घेणारा ती घरी कातून, छिद्रे पाडून, घासून इंजिन उभे करतो. त्यांतील ‘व्हिक्टोरिया’ हे आडव्या गिरणी-इंजिनाचे रूप असून त्याच्या सिलिंडरचा व्यास 1 इंच, पिस्टनची धाव 2 इंच आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे जड चाक, 7 इंचांचे असते. मला नेमके तेच हवे होते. परदेशातून मागवायचे तर वाहतूक आणि सीमाशुल्क धरून खर्च बराच वाढत होता. अशा वेळी जुन्या यंत्रांच्या खरेदी-विक्रीच्या एका जाहिरातीत ‘अस्सल इंग्लिश कास्टिंग, संपूर्ण संच, खोके न उघडलेले’ असे वाक्य आणि सोबत गर्द हिरव्या रंगाच्या तयार इंजिनाचा देखणा फोटो माझ्या पाहण्यात आला.

विक्रेत्याने घाई केली नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण घाई करणाऱ्याविषयी आपण आपोआप सावध होतो. त्याने आधी मला 1,850 रुपयांचे बारीक बोल्ट आणि पितळी तेलकुपी पाठवली. दोन्ही वस्तू उत्तम होत्या. पुढचे तीन आठवडे तो फोनवर स्लाइड व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ सोडणाऱ्या सरकत्या झडपेच्या, मापांविषयी आणि ती हलवणाऱ्या एक्सेंट्रिकच्या कोनाविषयी बोलत राहिला, आणि ते बोलणे जाणकाराचे होते. ‘काका, तुमच्यासारख्या माणसाच्या हाती सेट जातोय, याचंच समाधान आहे,’ असे तो म्हणाला, तेव्हा मी कास्टिंगचे 46,500 रुपये पाठवून मोकळा झालो. ज्या खात्यात पैसे गेले, त्यावरचे नाव वेगळे होते. विचारल्यावर ते मेहुण्याचे खाते असल्याचे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. पाठोपाठ त्याने त्याच इंजिनासाठी ‘चांदीच्या डाखाने (सोल्डरने) जोडलेला, तपासलेला’ उभा बॉयलर 32,000 रुपयांना देऊ केला, तोही मी घेतला.

खोके आले ते व्यवस्थित बांधलेले होते. भाग सगळे होते, नकाशेही होते, मात्र ते झेरॉक्स होते. सर्व भागांवर करड्या प्रायमरचा जाड थर दिलेला पाहून मला बरे वाटले, वास्तविक तेथेच थांबायला हवे होते. मशीनिंग करायच्या कास्टिंगला सहसा कोणी रंग देत नाही, कारण घेणाऱ्याला उघडे बीड पाहायचे असते. रंगाखाली काय होते ते फ्लायव्हील लेथच्या फोर-जॉ चकवर (चार जबड्यांच्या पकडीत) धरल्यावर कळले. चाक डायलने मध्यावर आणून मी पहिला काप घेतला, तेव्हा टूल अर्धा वळसा नीट चालले आणि मग कर्कश आवाज करत घसरू लागले. लेथ थांबवून पाहिले, तर चाकाच्या कडेवर सुमारे दोन इंच लांबीचा पांढरट, चकचकीत पट्टा होता आणि टूलच्या कार्बाइडच्या टोकाचा कोपरा उडाला होता. पातळ भाग फार लवकर थंड झाला आणि धातूचे मिश्रण योग्य नसले, की बिडातील कार्बन ग्रॅफाइट होऊन मोकळा न होता कठीण कार्बाइड बनतो. त्यालाच पांढरे बीड म्हणतात आणि साध्या टूलने ते कापले जात नाही.

मग मी व्हर्नियर (बारीक मापे घेण्याची पट्टी) घेऊन बसलो. 7 इंच म्हणजे 177.8 मिलिमीटर, आणि तयार चाक या मापाचे व्हायला कच्चे कास्टिंग त्याहून काही मिलिमीटर मोठे असायला हवे. माझे चाक एका दिशेने 178.2 आणि तिच्याशी काटकोनात 179.5 भरले. म्हणजे एका दिशेने कातायला जवळजवळ बीडच शिल्लक नव्हते. सिलिंडरचे भोक मध्यापासून दीड मिलिमीटर सरकलेले होते, आणि वाफेचा मार्ग पाडताना ड्रिल एका पोकळीत शिरले. बोट फिरवले, तर टोकाला साच्याची काळी वाळू लागली.

कोल्हापूरला शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका ओतशाळेत पॅटर्न (साचा घेण्यासाठीचे लाकडी नमुने) करणारे माझ्या ओळखीचे एक वयस्कर कारागीर आहेत. मी सगळे भाग घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बेडप्लेट, म्हणजे इंजिनाची तळाची बैठक, हातात घेतली, उलटी केली, नखाने कड तपासली आणि म्हणाले, ‘साहेब, ह्यो मालावरनं माल ओतलाय.’ मग त्यांनी आपली पॅटर्नची पट्टी माझ्यापुढे ठेवली. ती साध्या फुटपट्टीशेजारी लावली, की शेवटच्या रेघा जुळत नाहीत, कारण ती मुद्दाम सुमारे एक टक्का मोठी आखलेली असते. वितळलेले बीड गोठून थंड होताना साधारण तेवढेच आकसते, आणि म्हणून लाकडी पॅटर्न आधीच तेवढा मोठा करतात. एखाद्याने पॅटर्न न करता अस्सल कास्टिंगच वाळूत दाबून त्यावरून साचा घेतला, तर नवा भाग पुन्हा एक टक्का लहान होतो. कातण्यासाठी ठेवलेली वाढ त्यातच संपते.

हे एक टक्का ऐकायला फार वाटत नाही, आणि फसवणारा नेमका त्यावरच विसंबून असतो. पण सिलिंडरपासून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत 250 मिलिमीटर अंतर धरले, तर त्यात अडीच मिलिमीटर कमी होतात. पिस्टन आणि सिलिंडरचे झाकण यांच्यात एवढ्या लहान इंजिनात एक मिलिमीटरही जागा नसते. म्हणजे नकाशाबरहुकूम, अगदी काटेकोरपणे केलेला, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड या बेडप्लेटवर बसवला, तर पिस्टन झाकणावर आदळणार. नवखा माणूस महिनोन्‌महिने स्वतःच्याच हाताला दोष देत राहील, आणि मला त्याचेच सर्वाधिक वाईट वाटते. ज्याने 34 वर्षे मापे घेतली, त्याला निदान मोजून खात्री करता आली.

बॉयलरची गोष्ट याहून गंभीर आहे. त्याच्यासोबत तपासणीचा एक कागद होता, त्यावर सही होती, पण सही करणाऱ्याचे नाव नव्हते. मी स्वतः जलदाब चाचणी घेतली. बॉयलर पाण्याने पूर्ण भरून, आत हवा राहू न देता, हातपंपाने दाब चढवला. दर चौरस इंचाला 50 पौंड दाबावर चालवायचा बॉयलर दुप्पट दाबाला, म्हणजे 100 पौंडांना तपासतात. काटा 100 वर गेला आणि दहा मिनिटे तेथेच राहिला. एक थेंबही गळला नाही. बॉयलर चाचणीत उतरला होता, आणि हीच गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

पुढच्या रविवारी नातवाला घेऊन वाफ धरायचे ठरले होते. आदल्या संध्याकाळी बॉयलर पुसताना सांध्यांवर दिलेला काळा रंग एका ठिकाणी निघाला. आतला डाख निस्तेज करडा दिसला. पेन्सिलीला टोक करायच्या चाकूने ओरखडा काढला, तर तो लोण्यासारखा निघाला. चांदीच्या डाखाला चाकू असा लागत नाही. मग तळाच्या कोपऱ्याला गॅसची बारीक ज्योत दाखवली आणि काही क्षणांतच चकचकीत थेंब ओघळून खाली पडला. तो साधा कथील-शिशाचा डाख होता, जो आपण रेडिओच्या तारा जोडायला वापरतो.

चांदीचा डाख 600 अंश सेल्सिअसच्या वर वितळतो, कथील-शिशाचा 183 च्या आसपास. 50 पौंड दाबाच्या वाफेचे तापमानच सुमारे 148 अंश असते. त्या तापमानाला कथलाच्या डाखाची ताकद बरीचशी ओसरलेली असते, आणि पाणी कमी होऊन ज्योतीजवळचा पत्रा कोरडा पडला, तर सांधा सरळ वितळतो. थंड पाण्याच्या चाचणीत यातले काहीच दिसत नाही. आणखी एक खूण माझ्या नजरेतून सुटली होती. चांदीच्या डाखासाठी तांबे लालबुंद तापवावे लागते आणि त्यामुळे ते मऊ पडते. माझ्या बॉयलरचे नळकांडे मात्र दुकानातून आणलेल्या नळीसारखे कडकच होते. म्हणून ज्यांनी तयार बॉयलर घेतला असेल, त्यांनी सांध्यावरचा रंग खरवडून आधी आत पाहावे आणि जोडताना काढलेले फोटो विक्रेत्याकडून मागून घ्यावेत.

विक्रेत्याला फोन केला, तेव्हा कास्टिंगबद्दल तो म्हणाला, ‘काका, बीड आहे, थोडं मागंपुढं व्हायचंच.’ बॉयलरचा विषय काढताच त्याने फोन ठेवला आणि नंतर उचलला नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, पण तोपर्यंत पैसे देऊन 47 दिवस झाले होते आणि खात्यात काही उरले नव्हते. हा क्रमांक पैसे गेल्याबरोबर फिरवायचा असतो. मी माप घेण्यात, प्रवासात आणि विक्रेत्याच्या उत्तराची वाट पाहण्यात ते दिवस घालवले. ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि माझ्याकडे पावती नसली, तरी संदेश, बँकेचा उतारा आणि त्या कारागिरांचे लेखी मत आहे.

आता असा संच घ्यायचा झाला, तर मी पैसे देण्यापूर्वी एकच गोष्ट मागेन. फ्लायव्हीलच्या कडेवर व्हर्नियर लावलेला, आकडा स्पष्ट दिसणारा आणि शेजारी त्या दिवशीचे वर्तमानपत्र ठेवलेला फोटो. ज्याच्याकडे खरा माल आहे, त्याला यासाठी पाच मिनिटे लागतात.

कोल्हापूरच्या कारागिरांनी माझ्यासाठी सागवानात फ्लायव्हीलचा नवा पॅटर्न केला आहे आणि त्यावरून ओतलेले चाक 182 मिलिमीटर भरते. बॉयलर मी हॅकसॉने मधोमध कापून ठेवला आहे, म्हणजे तो पुन्हा कोणाला विकला जाणार नाही. मात्र ती जाहिरात अजून चालू आहे. गर्द हिरवे इंजिन, त्याखाली लाकडी पाट, डाव्या बाजूला पितळी तेलकुपी आणि फ्लायव्हीलच्या घासलेल्या कडेत खिडकीच्या सहा चौकोनांचे प्रतिबिंब, असा तो फोटो आहे. गेल्या पंधरवड्यात नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला तोच फोटो पाठवून संच घ्यावा का, असे विचारले. त्यांनी बोल्ट आणि तेलकुपीचे पैसे आधीच भरले होते.