‘प्लेफेअर डिस्प्ले’ : अक्षरे देखणी, अंक हट्टी

मिठाईची लेबले, लग्नपत्रिकांचा इंग्रजी मजकूर आणि दुकानांची दरपत्रके यांसाठी ‘प्लेफेअर डिस्प्ले’ हा फॉन्ट गेले अनेक महिने वापरत आहे. आज लिहिण्याचे निमित्त मात्र एका मिठाईवाल्याने परत पाठवलेले दरपत्रक हे आहे. काजूकतलीचा १२०० हा दर खुजा दिसतो आणि खालच्या ओळीतला ८६० त्याच्याहून मोठा, अशी त्यांची तक्रार होती.

तक्रार रास्त आहे. या फॉन्टमधले इंग्रजी अंक मुळात जुन्या वळणाचे असून ०, १ आणि २ हे स्मॉल अक्षरांइतकेच उंच, ६ आणि ८ वर चढणारे, तर ३, ४, ५, ७ आणि ९ ओळीखाली उतरणारे आहेत. साहजिकच १२०० मधले चारही अंक बुटके निघतात आणि दरांच्या उभ्या रकान्यात एकही ओळ दुसरीशी जुळत नाही.

अक्षरांबद्दल तक्रारीला जागा नाही. डॅनिश रचनाकार क्लाउस एगर्स सोरेन्सेन यांचा हा फॉन्ट २०११ मध्ये खुल्या परवान्याखाली आला, म्हणजे धंद्याच्या कामालाही एक पैसा मोजावा लागत नाही, आणि माझ्यासारख्या हात राखून खर्च करणाऱ्याला हे आधी दिसते. तिरप्या वळणातले ‘अँड’चे चिन्ह तर इतके डौलदार आहे की पत्रिकेवर वधूवरांच्या नावांमध्ये तेवढे एक ठेवले तरी वेगळी नक्षी लागत नाही. देवनागरी यात नाही. मराठी मजकुराला मी ‘तिरो देवनागरी मराठी’ जोडतो, त्यातले ल आणि श आपल्या वळणाचे आहेत.

या फॉन्टच्या अक्षरांत जाड आणि बारीक रेघांमध्ये ठळक फरक आहे. तो मूळचा बर्मिंगहॅमचे मुद्रक जॉन बास्करव्हिल यांच्या परंपरेतला, आणि त्यांनी १८व्या शतकात अशा अक्षरांसाठी गुळगुळीत कागद व अधिक काळी शाई यांचाही ध्यास घेतला होता. आपल्या साध्या मॅपलिथो या छपाईच्या कागदावर, त्यातही गडद रंगावर पांढरी अक्षरे सोडली की, बारीक रेघा शाईने भरून जातात. शीर्षकाला हा फॉन्ट उत्तम, तळटिपेला नको.

अंकांबद्दलचे माझे मत मध्यंतरी थोडे मवाळ झाले, कारण एका दुकानाच्या इतिहासाच्या परिच्छेदात १९३५ हे साल इतके सहज मिसळून गेले की एका उंचीचे सरळ अंक तिथे टोचले असते. शिवाय असे एका उंचीचे अंकही फॉन्टमध्ये आहेतच. वर्डमध्ये किंवा पानमांडणीच्या इनडिझाइनमध्ये तो पर्याय निवडला की काम होते. मी वर्गणी भरून वापरतो त्या ऑनलाइन डिझाइन सेवेत मात्र तो पर्यायच दिलेला नाही, आणि तीनदा पत्रव्यवहार केल्यावर उत्तर आले ते ‘दुसरा फॉन्ट वापरून पाहा’ असे. दरपत्रक शेवटी वर्डमध्ये नव्याने जुळवून दिले. सेवेची वर्गणी संपली की पुन्हा भरणार नाही, फॉन्ट मात्र ठेवणार आहे.